रविवारी करून टाका, म्हणे!

घरात मिस्त्री, गॅरेजात गाडी आणि ऑफिसात तिमाही अहवाल असा आठवडा ज्याच्या वाट्याला येतो, त्याला सहानुभूती फारशी मिळत नाही. सल्ला मात्र पोटभर मिळतो. सल्ल्याचा मथितार्थ ठरलेला असतो: तुमचं नियोजन कमी पडतं. घर म्हटलं की गळणार, गाडी म्हटली की बिघडणार, यात अचानक असं काय आहे? शहाणा माणूस आधीच यादी करतो, दोन-तीन मिस्त्रींकडून अंदाजपत्रक घेतो, गाडीची सर्व्हिसिंग तारखेला करतो आणि उरलंसुरलं रविवारी उरकतो. आमच्या वडिलांना नाही का जमलं? त्यांनी कधी कुरकुर केली का? वगैरे.

हे मत मला साफ अमान्य आहे. ते नुसतं चुकीचं असतं तर त्याकडे दुर्लक्ष करता आलं असतं. पण ते दोष अशा माणसाच्या माथी मारतं, ज्याच्या हातात त्यातलं जवळपास काहीच नसतं. ज्यांच्या हातात खरंच काही आहे, ते त्यामुळे आपोआप सुटतात.

आधी रविवारच घेऊ, कारण सगळ्या सल्ल्यांचा तोच हुकमी एक्का. पुण्यातल्या बहुतेक मोठ्या सोसायट्यांची नियमावली उघडून बघा. ठोकाठोकी, ड्रिलिंग, फरशी फोडणं ही कामं सकाळी नऊ-दहा ते संध्याकाळी सहा. दुपारी दोन ते चार बंद, कारण लोक वामकुक्षी घेतात. आणि रविवारी व सणाच्या दिवशी पूर्ण बंद. राडारोड्याची पोती लिफ्टमधून कधी न्यायची, त्याच्याही वेळा ठरलेल्या. मला हे नियम जाचक वाटत नाहीत. वरच्या मजल्यावर हॅमर चालू असताना खाली तापाने फणफणलेलं मूल झोपवायचा प्रयत्न ज्याने केला आहे, त्याला ते पटतील. पण मग त्याच सोसायटीच्या सभासदाने वर तोंड करून ‘रविवारी करून टाका’ म्हणू नये. आठवड्यातला जो एक दिवस नोकरदार घरी असतो, नेमका तोच दिवस सोसायटीने दुरुस्तीला वर्ज्य ठरवलेला आहे. उरलेल्या दिवशी सहा वाजता काम बंद होतं आणि हिंजवडीहून निघालेला माणूस सहा वाजता वाकडच्या पुलाखाली उभा असतो.

दुरुस्ती हे ज्यांचं कामच आहे, त्या संस्था काय करतात तेही बघण्यासारखं आहे. पुणे महापालिकेला जलवाहिन्यांची, पंपिंगची देखभाल करायची असते तेव्हा शहरातलं पाणी बंद राहतं ते बहुधा गुरुवारी. पुणेकरांना ‘गुरुवारी पाणी नाही’ याची इतकी सवय झाली आहे की बुधवारी रात्री बादल्या आपोआप भरल्या जातात. मुंबईत रेल्वे रविवारी मेगाब्लॉक घेते खरा. पण त्यासाठी रुळांवर पगारी माणसांची फौज उतरते, गाड्यांचं वेळापत्रक बदलतं, आधी जाहीर निवेदन निघतं आणि लाखो प्रवासी आपापले बेत त्याप्रमाणे वळवतात. थोडक्यात, दुरुस्ती करायची तर बाकीच्यांनी थोडं सरकून घ्यावं लागतं, हे रेल्वेच्या बाबतीत सगळ्यांना मान्य आहे. घराच्या बाबतीत मात्र कोणीच जागचं हलायचं नाही आणि एकट्या घरमालकाने सगळ्यांच्या फटींतून वाट काढायची, याला नियोजन म्हणतात.

भोसरी-चिंचवड पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. हा जुना प्रकार वरकरणी गैरसोयीचा, पण त्यातला एक फायदा नीट कोणी सांगत नाही. त्या कामगाराला सुट्टीच्या दिवशी बँक उघडी सापडते. रविवार पेठेतलं हार्डवेअरचं दुकान, नाना पेठेतला स्पेअर पार्टवाला, भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, सगळं चालू असतं. ज्याची सुट्टी बाकीच्यांच्या सुट्टीशी जुळत नाही, त्याचीच कामं होतात. आपण सगळ्यांनी रविवार घेतला, तो प्रतिष्ठेचा मानला आणि आता दुकानाच्या खाली ओढलेल्या शटरसमोर उभं राहून एकमेकांना नियोजन शिकवतो आहोत.

दुसरा मुद्दा वेळेचा. दुरुस्तीचं काम म्हणजे जणू ऑफिसातल्या फायली, रोज दोन-दोन हातावेगळ्या करता येतील, असं सल्लागार गृहीत धरतात. न्हाणीघराची गळती घ्या. फरशी फोडायची, राडारोडा काढायचा, जुना कोबा उखडायचा, नहाणी ट्रॅप आणि पाइपांचे सांधे बदलायचे. मग वॉटरप्रूफिंगचा एक हात, तो सुकला की दुसरा. त्यानंतर पाणी साठवून ठेवायचं आणि किमान एक दिवस, शहाणा मिस्त्री असेल तर दोन दिवस, खालच्या घरातल्या छताकडे बघत बसायचं. ओल आली नाही तर पुढचं काम. मग कोबा, उतार, टाइल, टाइलमधल्या फटी भरणं. यातली प्रत्येक पायरी आधीची सुकल्याशिवाय सुरू होत नाही. सिमेंटला तुमच्या कॅलेंडरशी देणंघेणं नसतं. काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक, आयएस ४५६, साध्या पोर्टलँड सिमेंटला किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस ओलं ठेवायला सांगतं. दुकानात आज जी गोणी मिळते ती बहुतेक वेळा मिश्र सिमेंटचीच असते. घरातला छोटा कोबा म्हणजे काही पुलाचा गर्डर नव्हे, हे खरं. पण रसायनशास्त्र दोन्हीकडे तेच.

आता हे रजेच्या हिशेबाशेजारी ठेवून बघा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ पगारी नैमित्तिक रजा आहेत. त्या तिमाहीवार खात्यात जमा होतात, म्हणजे तीन महिन्यांना दोन, आणि वर्षअखेर वापरल्या नाहीत तर बुडतात. अर्जित रजा वेगळी असते, पण ती आधी मागून, मंजूर करून घ्यावी लागते. गळती अर्ज करून येत नाही. एका न्हाणीघराला जेवढे दिवस लागतात, तेवढ्या नैमित्तिक रजा वर्षभराच्या मिळूनही जेमतेम होतात. त्यात मुलाचा ताप, सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, गावाकडचं लग्न हे सगळं बसवायचं. नियोजन करा म्हणणाऱ्याने एकदा हा ताळेबंद मांडून दाखवावा.

आणि आता गाडी.

मागच्या पावसाळ्यात आमच्या न्हाणीघरातून खालच्या काकूंच्या छतावर डाग उतरला. त्याच आठवड्यात गाडीने सकाळी सेल्फ मारायला नकार द्यायला सुरुवात केली. रोज नाही, एक दिवसाआड. जंप स्टार्ट दिला की दिवसभर शहाण्यासारखी चालायची. बॅटरी तपासली, ठीक. चार्जिंग तपासलं, ठीक. गॅरेजवाल्याने सांगितलं, ‘कुठेतरी करंट खातेय ताई. गाडी दोन दिवस ठेवून जा.’ ‘एक लाइट बघायला दोन दिवस?’ हा माझ्या नवऱ्याचा प्रश्न. नियोजनवाल्या पंथाचाच तो.

गॅरेजवाल्याचं बरोबर होतं. गाडी बंद असताना बॅटरीतून थोडा करंट जातच असतो, घड्याळ, अलार्म, कुलूप यांना तो लागतो. तो साधारण पन्नास मिलिअँपिअरच्या आत असला की काळजी नसते. पण गाडी बंद केल्याबरोबर मोजून उपयोग नाही. आतली इलेक्ट्रॉनिक युनिटं बंद होऊन शांत व्हायला वेळ घेतात, कधी अर्धा तास, कधी त्याहून जास्त. मधे कोणी दार उघडलं की सगळी पुन्हा जागी. मग पुन्हा थांबा. त्यानंतर एकेक फ्यूज काढून करंट कुठे खाली येतो ते पाहायचं. आणि दोष रोजचा नसेल तर आज सगळं व्यवस्थित दिसणार, परवा पुन्हा गाडी ठप्प. अशा कामाला मेकॅनिकच्या हुशारीइतकाच त्याचा वाट बघण्याचा संयम लागतो, आणि गाडी त्याच्या ताब्यात असावी लागते. ऑफिसला जाता जाता अर्धा तास गॅरेजला टेकून हे होत नाही. वेळेवर सर्व्हिसिंग केल्यानेही हे टळत नाही. ऑइल आणि फिल्टर बदलणारा माणूस वायरिंगच्या कुठल्या जोडात पाणी शिरणार आहे हे सांगू शकत नाही. पार्किंगमधल्या उंदराने कुठली वायर चाखायची ठरवली आहे, तेही नाही.

तर असा तो आठवडा. घरी कोणीतरी हवं, गॅरेजला कोणीतरी हवं, ऑफिसला मी हवी. यातली एकच अडचण असती तर दुसऱ्या सोयीवर निभावलं असतं. गाडी चालू असती तर दुपारी घरी चक्कर मारून काम बघता आलं असतं. घर ठीक असतं तर गॅरेजला निवांत जाता आलं असतं. दोन बिघाड एकत्र आले की त्रास नुसता दुप्पट होत नाही, एकमेकांचे उपायच ते मारून टाकतात. हे समजायला व्यवस्थापनशास्त्राची पदवी लागत नाही, पण ती असलेल्यांना ते समजत नाही असा माझा अनुभव आहे.

इथे कोणी म्हणेल, गाडी नाही तर बसने जा. जाते ना. पीएमपीची बस, मग मेट्रो, मग शेअर रिक्षा. पुण्यात मेट्रो मार्च २०२२ पासून धावते आहे आणि जिथे ती जाते तिथे उत्तम जाते. पण आपण घरं घेतली बिल्डर जिथे बांधतील तिथे, आणि ऑफिसं गेली जमीन जिथे मिळाली तिथे. मधली रेघ गाडीनेच जोडायची असं शहराने गृहीत धरलं. गाडी बिघडल्यावर आठवडाभर चांगली बस मिळाली असती, तर गाडीचा बिघाड हा फक्त खर्चाचा विषय राहिला असता. तो वेळेचा विषय झाला, यात माझ्या डायरीचा दोष कसा?

‘मग वर्क फ्रॉम होम घ्या ना!’ हा सगळ्यात आधुनिक सल्ला. घरी मिस्त्री आलेला असताना घरून काम करणं म्हणजे काय, हे सांगणाऱ्याने ते केलेलं नसतं. त्याच्या मते घरी असणाऱ्याचं काम दार उघडणं आणि चहा देणं एवढंच. प्रत्यक्षात दार उघडल्यापासून प्रश्न सुरू होतात. मेन वॉल्व्ह कुठला? तो गच्चीवर आहे आणि किल्ली वॉचमनकडे आहे. वॉचमन कुठे आहे? ‘ताई, पाऊण इंची एल्बो कमी पडला, आणि टेफ्लॉन टेप आणा.’ नळ किती उंचीवर काढू? जुनी टाइल आता बाजारात मिळत नाही, मग जवळपास जुळणाऱ्या चालतील की सगळ्याच बदलायच्या? आणि सगळ्यात मोलाचा क्षण टाइल बसवतानाचा: उतार. टाइल ओली असताना तांब्याभर पाणी ओतून ते ट्रॅपकडे धावतं की कोपऱ्यात तळं करतं, हे तिथे उभं राहून बघावं लागतं. तेव्हा नाही बघितलं तर पुढची वीस वर्षं खराट्याने पाणी ढकलत बसा. हा क्षण नेमका कधी येणार, ते मिस्त्रीलाही आधी सांगता येत नाही. तो येतो तेव्हा तुम्ही लॅपटॉपवर ‘आवाज येतोय का माझा?’ म्हणत असता, आणि आवाज येत असतो तो हॅमरचा.

हा प्रश्न नुसत्या हजेरीपुरता नसतो. जागेवर निर्णय घेणारा माणूस हवा असतो. तो निर्णय फोनवरून होत नाही आणि शेजाऱ्यांवर टाकता येत नाही.

आता मिस्त्री. या विषयावर लिहिणारा प्रत्येकजण एक परिच्छेद मिस्त्रीच्या खोटेपणावर खर्च करतो. ‘उद्या पक्का’ म्हणाला आणि आला नाही, फोन उचलत नाही, अर्धं काम टाकून दुसऱ्या साइटवर गेला. मीही वैतागले आहे. पण त्याच्या बाजूने एकदा हिशेब करून बघा. त्याची कमाई हजेरीवर. एक खाडा पडला की त्या दिवसाचे पैसे गेले, शिवाय बरोबरच्या बिगाऱ्याची हजेरी अंगावर. तुमचं न्हाणीघर हे आठवडाभराचं काम, पण त्यात मधे दोन दिवस नुसतं सुकण्याचे. त्या दोन दिवसांत त्याने काय करायचं? तो दुसरं काम धरतो. तिथे सामान उशिरा येतं किंवा मालकाचा निर्णय होत नाही, की तो तिकडे अडकतो आणि तुमच्याकडे खाडा. एका कामाला पूर्णवेळ बांधून घ्यायचं तर सुकण्याच्या दिवसांचेही पैसे द्यावे लागतील. ते द्यायला कोण तयार आहे? आपण कामाचा ठेका ठरवताना शंभर-दोनशे रुपयांवरून घासाघीस करतो, मोकळ्या दिवसाचा पैसा देत नाही आणि वर त्याने आपल्यासाठी मोकळं राहावं अशी अपेक्षा धरतो.

आणि बेभरवशाचं गिऱ्हाईक किती असतं, हे कधी मिस्त्रीला विचारा. ‘दहाला या’ म्हणतात आणि दाराला कुलूप. फोन केला तर ‘मीटिंगमध्ये आहे, सातनंतर या’. सातनंतर सोसायटी गेटवर सोडत नाही. म्हणून ज्या घरात दिवसभर कोणीतरी म्हातारं माणूस आहे, ते काम मिस्त्री आधी घेतो. हे मला एका गवंड्यानेच सांगितलं, आणि त्यात मला काही चूक वाटली नाही. जाता जाता, टाइलवाले आणि पीओपीवाले कारागीर पुण्यात बरेचसे राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहारकडचे. होळीला, छठला ते गावी जातात. आपण दिवाळीत गावी जातो तेव्हा त्याला संस्कृती म्हणतो, ते गेले की ‘यांना कामाची किंमत नाही’.

जुन्या पिढीचा दाखला मात्र नीट तपासायलाच हवा, कारण ‘आमच्या वडिलांना जमत होतं’ या वाक्यापुढे लोक गप्प होतात. काय जमत होतं? वाड्यात न्हाणी बहुतेक तळमजल्यावर, परसात. ती गळली तर जमिनीत मुरायची, केळीला पाणी मिळायचं. आता माझी फरशी म्हणजे खालच्यांचं छत. माझ्या घरातली दुरुस्ती मला एकटीला ठरवता येत नाही. खालच्या काकूंची सोय बघायची, वरच्यांचं पाणी काही तास बंद ठेवायला त्यांची परवानगी घ्यायची. कधी सोसायटीच्या कमिटीसमोर ‘हे बाहेरच्या पाइपचं की आतल्या सांध्याचं’ हा वाद घालायचा, कारण सामायिक पाइपची गळती सोसायटीच्या खर्चाने होते आणि घरातल्या संडास-बाथरूमची सभासदाच्या. वाडा भाड्याचा असेल तर छताची काळजी मालकाची. तो ती करायचा नाही, ही गोष्ट निराळी, पण निदान भाडेकरूला रजा काढावी लागत नव्हती. वाहनाचं म्हणाल तर दारात स्कूटर. ती बंद पडली तर तिरकी करायची, प्लग काढून पुसायचा, किक मारायची. यात कौशल्य होतं, मी नाकारत नाही. पण वायरिंगमधून करंट खाणारं युनिट त्या स्कूटरमध्ये नव्हतं.

आणि मुख्य म्हणजे वडिलांना जमत होतं, कारण आई घरी होती. प्लंबर आला की ती दार उघडायची, वॉल्व्ह तीच दाखवायची, उतार तीच बघायची, सुतार दुपारी जेवायला गेला की परत येईपर्यंत वाट तीच बघायची. संध्याकाळी वडील येऊन काम बघायचे, चूक काढायचे आणि पैसे द्यायचे. त्यातलं पैसे देणं तेवढं हिशेबाच्या वहीत उरलं. आईचा दिवस कुठेच लिहिला गेला नाही.

तो आजही फारसा लिहिला जात नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि ते करणारे पुरुष ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. दोघांचाही वेळ थोडा घटला, मधलं अंतर मात्र २०२ मिनिटांवरून २०१ वर आलं. पाच वर्षांत एक मिनिट. बायका नोकरीला लागल्या, घरी बसणारं माणूस उठून गेलं. पण सोसायटीचा नियम, गॅरेजची वेळ, गॅस एजन्सीचा ‘सकाळी दहा ते सहाच्या दरम्यान माणूस येईल’ हा निरोप, हे सगळं अजून ती घरी बसली आहे असंच समजून चाललं आहे. ती जागा आता कोण भरतं? निवृत्त सासरे, दहावीच्या सुट्टीतली मुलगी, किंवा मग ज्याचा पगार कमी त्याची रजा. बहुतेक घरांत ‘ती’च. याला नियोजन म्हणायचं असेल तर ते फार जुनं नियोजन आहे.

शेवटचा पर्याय पैशाचा. ‘दुरुस्तीच्या भानगडीत पडूच नका. गाडी जुनी झाली, विकून टाका.’ गाडी नोंदणीच्या पंधरा वर्षांच्या मुदतीत आहे, इंजिन चोख आहे, एका वायरने त्रास दिला म्हणून पाच वर्षांचा हप्ता डोक्यावर घ्या, असा हा हिशेब. आणि दुरुस्ती महाग, सावकाश का होते? २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा वाहन कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कारण काय, तर सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना सहज मिळू दिली जात नव्हती. त्यावर पुढे अपिलं झाली. २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तिच्या विषयांत मोटारीही होत्या. म्हणजे कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला स्कॅनर नाही, पार्ट मागवायला दिवस लागतात, यामागे कोणाचा तरी धंदा आहे, आणि सरकारदरबारी ते कबूल झालेलं आहे. आपल्याकडे मात्र गाडी दोन दिवस जास्त राहिली की ‘तू आधी का नाही दाखवलीस?’

नियोजनाला काहीच अर्थ नाही असं मी म्हणत नाही. गच्चीचं वॉटरप्रूफिंग पावसाआधी करावं, हे कोणीही सांगेल. पण पावसाचं पाणी कुठून शिरतं ते पाऊस पडल्याशिवाय दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा गच्ची ओली असल्याने काम करता येत नाही. दिसण्याचा ऋतू वेगळा, दुरुस्तीचा ऋतू वेगळा. मे महिन्यात अंदाजाने सगळी गच्ची करून घ्यावी तर कमिटी म्हणते, मागच्या वर्षी गळली कुठे होती? आणि जुलैत भिंतीला शेवाळ आलं की तीच कमिटी म्हणते, आधी का नाही सांगितलंत?

करायचं काय, तर ज्यांच्या हातात गोष्टी आहेत त्यांनी थोड्या हलवाव्या. सोसायट्यांनी महिन्यातला एक रविवार, सकाळी दहा ते एक, ठोकाठोकीला खुला करावा आणि तो आधी फलकावर लावावा. त्या दिवशी ज्यांना झोप हवी त्यांनी नातेवाइकांकडे जावं. संध्याकाळी सहाची मर्यादा ठोकाठोकीपुरती ठेवावी. नळ जोडायला, टाइलमधल्या फटी भरायला, रंगाचा हात मारायला आवाज होत नाही, त्याला आठपर्यंत परवानगी द्यावी. ऑफिसांनी रजा तासांवर द्यावी. उतार बघायला चाळीस मिनिटं लागतात, त्यासाठी अख्खा दिवस का कापून घेता? सर्व्हिस सेंटरने ‘दिवसभरात कधीतरी’ असं सांगण्याऐवजी दोन तासांची वेळ द्यावी आणि चुकली तर बिलातून काही सोडावं. आणि मिस्त्रीला सुकण्याच्या दिवसांची अर्धी हजेरी आपण द्यावी. हा शेवटचा खर्च आपल्यावर येतो, म्हणून तो सगळ्यात कमी लोकांना आवडेल. आमच्या गवंड्याला मी तो देऊन बघितला. दुसऱ्या दिवशी तो साडेनऊलाच आला, आणि सोसायटीच्या गेटवर त्याला दहा वाजेपर्यंत थांबवून ठेवलं, कारण कामाची वेळ दहाची.